उशिराचं कलम

कोशित्से स्टेशनसमोर, फुलवाली आणि किल्ल्या बनवणारा यांच्या मधे
आमचं ऑफिस. दोन खुर्च्या, एक हीटर,
भिंतीवर बर्फात हसणारं एक कुटुंब
ज्यांचा पाय कधीच मोडत नाही.

मंगळवारी ओंद्रेय हुदाक आले.
वय चौऱ्याहत्तर, हृदयात एक जाळी,
खिशात चौघडी कागद, शाळकरी अक्षरात:
बुडापेस्ट, ब्राशोव, बुखारेस्ट, रूसे,
आणि मग रात्रीची गाडी, इस्तंबूलपर्यंत.

विमान स्वस्त पडेल, मी म्हटलं. सवयीनं.
"विमान चाकं पोटात घेतं," ते म्हणाले,
"ऐकायला काय उरतं?"

मी तीन पॉलिस्या मांडल्या.
स्वस्त, मधली,
आणि जी मी खपवावी असं वरून सांगतात.
ते एकेका कलमावर बोटाचं पेर वाजवत गेले, टक, टक,
कान कागदाकडे थोडा कललेला.

सामान हरवलं तर आठशे युरो, चष्मा आणि वाद्यं सोडून.
दवाखाना संपूर्ण, जुनं दुखणं सोडून.
"म्हणजे नवं दुखणं हवं."
हो, ताजं.
मृतदेह घरी आणायचा खर्च, मर्यादा नाही.
"तेव्हा खिडकी मिळते का?"
मला हसू आलं, त्यांना नाही.

गाडीला चार तासांहून जास्त उशीर झाला तर पन्नास युरो.
इथं पेर थांबलं.
"आणि तीन तास चाळीस मिनिटं?"
काही नाही.
"काहीच नाही," त्यांनी पुन्हा म्हटलं, चव घेतल्यासारखं.

मग हातोडीचं सांगितलं. मी विचारलं नव्हतं.
एकतीस वर्षं, लांब दांड्याची हातोडी,
गाडी थांबली की डब्यांखाली वाकून प्रत्येक चाकावर एक ठोका.
धड चाक गातं. तडा गेलेलं बद्द बोलतं.
"मडकं घेताना वाजवतेस ना, तसंच. फक्त मडकं नऊशे किलोचं."

हॉर्नाद नदी काठापर्यंत गोठली त्या जानेवारीत
प्रागच्या गाडीचा चौथा डबा बद्द बोलला.
डबा सोडवला, दुसरा जोडला. तीन तास चाळीस मिनिटं.
हिरव्या रुमालातली एक बाई फलाटावरून खाली बघत म्हणाली,
मला तर काही दिसत नाही.
दिसत नाही, बाई. ऐकू येतं.

वसंतात स्टेशनच्या पत्त्यावर कार्ड आलं.
'हातोडीवाल्यास. आई दोन वाजता गेली.
मी पाचला पोचले.'
शिवी नाही, सही नाही.

तडा खरंच होता का?
"केसाएवढा. कदाचित प्रागला पोचलं असतं ते चाक.
कदाचित दहा वेळा जाऊन आलं असतं."
हीटर मधेच टक् करून बंद पडला,
आम्ही दोघांनी तिकडे पाहिलं.

त्यांनी स्वस्तातली घेतली.
"उशिराचं तेवढं काढून टाका."
काढता येत नाही, ते आधीपासून त्यातच असतं.
"मग लिहा, मी मागणार नाही.
उशीर झाला तर मी समजेन
कुणीतरी खाली वाकलंय."
त्यासाठी फॉर्मात चौकोन नाही. मी पेन्सिलीनं समासात लिहिलं,
जे कुणी कधी वाचणार नाही.

आता यंत्रं ऐकतात म्हणे, रुळालगत बसवलेली.
हे त्यांनी पैसे मोजताना सांगितलं,
एक्केचाळीस युरो साठ सेंट, शेवटचे साठ नाण्यांत,
आणि प्रत्येक नाणं काउंटरवर जरा उंचावरून टाकलं.

परवा संध्याकाळी मी कुलूप लावून स्टेशनातून घरी निघाले.
पाटीवर बुडापेस्ट, पस्तीस मिनिटं उशीर. कारण लिहिलेलं नव्हतं.
एक माणूस फोनवर कुणाला तरी ओरडून सांगत होता, अजून इथंच.
मी फलाटाच्या कडेला जाऊन, पर्स छातीशी धरून,
थोडी वाकून उभी राहिले.